चिपाड आणि चारचा भोंगा

माझ्या साडूंइतका गोड स्वभावाचा आणि खरखरीत आवाजाचा माणूस तापीपासून सातपुड्यापर्यंत दुसरा झाला नाही. झाला असलाच, तर त्याच्या घरच्यांनी त्याला वेळीच आवरला असणार. आमच्या ह्यांना कुणी आवरलं नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून मी त्यांना साडूभाऊ म्हणतो. मी शहाद्याच्या शाळेत मराठी शिकवायचो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. ते शहाद्याजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. तेहतीस वर्षं त्यांनी उसाच्या रसातली साखर मोजली, आणि तेहतीस वर्षं ड्युटी सुटल्यावर रॉक नावाचं संगीत वाजवलं. कारखान्याच्या कॉलनीत, म्हणजे जिथं भजनी मंडळाला सुद्धा हार्मोनियम मागून आणावी लागते तिथं, ह्या माणसानं इलेक्ट्रिक गिटार वाजवली. दिसायला पुढून टक्कल, मागून कॉलेज. केस खांद्यापर्यंत, पण ते सुरूच होतात कानांच्या मागून. लॅबमध्ये पांढरा कोट घालून ते काचेच्या नळीत डोळे लावून बसले, की मागून पाहणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी मॅडम नव्यानं रुजू झाल्या आहेत.

आता इतका सज्जन माणूस इतक्या दांडगट संगीताकडे वळला कसा, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते उत्तर देताना अहिराणीत शिरले. मनातलं बोलायचं असलं की ते अहिराणीतच बोलतात, प्रमाण मराठी त्यांनी रजेच्या अर्जासाठी राखून ठेवली आहे. म्हणाले, "मास्तर, आठ तास गोड मोजीसन माणूस कटाळी जास. मंग त्याले काही तरी खरखरीत लागस." हे मला पटलं. त्यांना गोडाचा खरोखरच राग होता. जगातल्या प्रत्येक वस्तूची ते ब्रिक्स काढत. ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप. त्यांच्या खिशात ते मोजायची एक छोटी दुर्बीण असायची. लग्नात पंगतीला बसले, की बासुंदीचा थेंब तिच्यावर ठेवून आकडा सांगायचे आणि वाढप्याचा चेहरा उतरवायचे. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी दिलेल्या सरबताचा आकडा त्यांनी मोठ्यानं जाहीर केला, तेव्हा सोयरीक मोडते की काय अशी वेळ आली होती. सिनेमातल्या प्रेमगीतांनाही ते हेच माप लावायचे. एखादं गोड गाणं कानावर आलं, की कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "ब्रिक्स जास्त शे," आणि उठून जायचे.

त्यांच्या बँडचं नाव 'चिपाड'. हे नाव ऐकून मी पहिल्यांदा हसलो होतो, तेव्हा त्यांनी मला हाताला धरून बॉयलरपाशी नेलं. आत भट्टीत उसाचा पिळून उरलेला चोथा धडधडत होता. "रस निंघी गया का जे उरस ते चिपाड. लोक म्हंतस कचरा. आणि आख्खा कारखाना चालस कशावर? चिपाडवरच ना!" मी मान डोलावली, कारण तिथं उकाडा इतका होता की वाद घालायची सोय नव्हती. ह्या चिपाडात तिघं. गिटार आणि गळा साडूभाऊंचा. बास गिटार शहाद्याच्या एका मारवाडी शेठांची. त्यांचं कापडाचं दुकान आहे, पणजोबा राजस्थानातून आले तेव्हापासूनचं. हे शेठ दुकानात जितकं बोलतात तितकं बँडमध्ये बोलत नाहीत, म्हणजे बँडमध्ये ते एक अक्षर बोलत नाहीत. डोळे मिटून चार तारांवर अंगठा फिरवत बसतात, जणू मांजरपाट फाडत आहेत. ड्रम वाजवतात ते सातपुड्यातल्या मोलगीकडचे सर. आश्रमशाळेत गणित शिकवतात, घरी पावरा लोकांची पावरी बोली बोलतात, आणि लहानपणी होळीला रात्रभर मोठा ढोल वाजवलेला आहे. तिघांमध्ये खरा कलावंत कोण, असं मला कुणी विचारलं तर मी सरांचं नाव घेईन, पण साडूभाऊ घरात नसताना. सर दर शनिवारी जीपच्या टपावर ड्रम बांधून डोंगर उतरतात. मोलगीच्या जीपवाल्यांना त्या ड्रमचं वेगळं तिकीट घ्यावं की नाही हे वीस वर्षांत ठरवता आलेलं नाही.

चिपाडच्या पहिल्या कार्यक्रमाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. गणपतीच्या मंडपात कार्यक्रम होता. साडूभाऊंनी गिटारीचं ते पायाखालचं बटन दाबलं, ज्यानं आवाज फाटतो. आवाज फाटल्याबरोबर मंडळाचा वायरमन धावत आला आणि त्यानं मेन स्विच पाडला. त्याला वाटलं, स्पीकर जळाला. साडूभाऊंनी त्याला नीट समजावलं, की आवाज असाच यायला हवा. त्यानं ऐकून घेतलं, बत्ती सुरू केली. दुसऱ्या गाण्यात पुन्हा बटन, पुन्हा वायरमन, पुन्हा अंधार. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी तो हात जोडून म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण मंडळाचं सामान माझ्या नावावर आहे." कार्यक्रम तिथंच संपला. साडूभाऊ मात्र घरी येताना खुशीत होते. म्हणाले, एवढ्या गर्दीत एक माणूस तरी आमचा प्रत्येक सूर कान देऊन ऐकत होता.

मग त्यांनी स्वतःच्या खर्चानं एक कॅसेट काढली. तिच्या स्वागताबद्दल काय सांगू! घरातली दोन कपाटं त्या कॅसेटींनी भरली, आणि ती काही केल्या रिकामी होईनात. शेवटी कॉलनीशेजारच्या एका शेतकऱ्यानं दहा-बारा नेल्या. साडूभाऊंचा ऊर भरून आला. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं त्याच्या शेतावरून जात होतो, तर ज्वारीच्या पिकावर आडव्या-उभ्या चकचकीत फिती ताणलेल्या, वाऱ्यावर फुरफुरत होत्या. पाखरं हाकलायला. मी तिकडे न बघितल्यासारखं केलं. साडूभाऊ मात्र थांबले, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एक बी चिडी नही बठनी, मास्तर. असर शे गानास्मा!" अशा माणसाचं तुम्ही काय वाकडं करणार?

पण ह्या सगळ्यात एक गोष्ट अशी होती, की ती आमच्या लक्षातच आली नव्हती, कारण ती रोज समोर होती. ती म्हणजे कारखान्याचा भोंगा. गळीत हंगाम सुरू झाला, बॉयलर तापला, की दिवसातून तीनदा तो वाफेचा भोंगा वाजतो, पाळी बदलताना. त्यातला चार वाजताचा भोंगा शहाद्यापर्यंत ऐकू जातो. बँड काढला तेव्हा सूर जुळवायला ह्यांच्याकडे पेटी नव्हती, यंत्र नव्हतं. साडूभाऊंनी युक्ती काढली. चारचा भोंगा झाला की ते ड्युटी सुटता सुटता लॅबमध्येच त्यावर गिटार जुळवायचे, शेठ तिकडे शहाद्यात गादीवर बसल्या बसल्या, गिऱ्हाईकाला "एक मिनिट" म्हणून, त्यावरच बास जुळवायचे. साडेपाचला दोघं भेटले की सूर तंतोतंत एक. हंगाम संपला की भोंगा बंद, मग साडूभाऊ तो डोक्यातून काढायचे. डोळे मिटायचे, मान थोडी वर करायचे आणि तोंडानं "भोंऽऽ" असा आवाज द्यायचे. नोव्हेंबरमध्ये खरा भोंगा वाजला की कळायचं, केसभर सुद्धा फरक पडलेला नाही.

आणि ह्याच भोंग्यावर आमच्या ताईंचं, म्हणजे साडूभाऊंच्या सौभाग्यवतींचं, घड्याळ चालायचं. चारचा भोंगा झाला की ताई चहाचं आधण ठेवणार. ह्यात खंड नाही. लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना चारचा भोंगा झाला, तर त्या अंतरपाटाजवळून वळल्या आणि आत निघाल्या. मीच त्यांना हाताला धरून परत आणलं. एकट्या ताईंचीच ही गत नव्हती. कॉलनीतली सगळी माणसं तशीच. चारचा भोंगा झाला की बसलेला उठणार, मग तो कीर्तनात असो की न्हाव्याच्या खुर्चीत. ताईंचं साडूभाऊंच्या संगीताबद्दलचं मत ठाम होतं. त्यांनी तेहतीस वर्षांत एकही गाणं पुरतं ऐकलेलं नव्हतं. "त्यापेक्षा कुकरनी शिट्टी बरी," त्या मला म्हणायच्या. "तिले तरी माहीत ऱ्हास, कितल्या येळा वाजानं ते."

दोन वर्षांपूर्वी साडूभाऊ निवृत्त झाले. क्वार्टर सोडून त्यांनी गेटबाहेर, कडुनिंबाखाली, छोटं घर बांधलं होतं तिथं राहायला गेले. आणि तेव्हापासून पुण्याचा विषय निघाला. मुलगा पुण्याला, नातू दीड वर्षाचा, ताईंचे गुडघे दुखतात. ताईंचं काही चुकत नव्हतं. त्यांनी तेहतीस वर्षं ती गिटार सहन केली होती, आता नातवाचा आवाज ऐकावासा वाटला तर त्यात गैर काय? पण साडूभाऊ पुण्याला गेले म्हणजे चिपाड संपलं. पंचावन्न-साठीची तीन माणसं, एक पुण्यात, एक दुकानात आणि एक डोंगरावर, कसला बँड चालवतात! साडूभाऊ चार दिवस जेवले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. ताई समोरच लसूण सोलत बसल्या होत्या.

साडूभाऊ म्हणाले, त्यांना एकदा, फक्त एकदा, स्टुडिओत जाऊन नीट अल्बम करायचा आहे. ताई म्हणाल्या, करा. मग पुढे म्हणाल्या, "तो आठे, आपला आंगनमा, सगळा लोकेस्ले ऐकाडा. गानं सरापर्यंत लोके बठनात, तं मी पुण्यानं नाव काढाव नही. उठी गयात, तं गिटार माळावर आणि आपुन पुण्याले." साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. ताईंनीही पाहिलं. "भाऊ पंच," त्या म्हणाल्या. मला पंच व्हायचं नव्हतं. हे लोक मी ओळखतो. चिपाडचं दुसरं गाणं संपेपर्यंत बसून राहिलेला माणूस मी ह्या जिल्ह्यात पाहिलेला नव्हता. त्यात मी धरून.

अल्बमचं नाव ठेवलं 'बंद हंगाम'. उन्हाळ्यात, भोंगा बंद असताना, तिघं सुरतेला गेले. सुरत आम्हाला पुण्यापेक्षा जवळ, रेल्वेनं सकाळी जाऊन रात्री परत. मीही गेलो, सामान धरायला. स्टुडिओतला मुलगा गुजराती, कानाला मोठे हेडफोन, अत्यंत नम्र. त्यानं यंत्र लावून दोन्ही गिटारी जगाच्या सुरात जुळवून दिल्या. सरांनी काठ्या आपटल्या, गाणं सुरू झालं, आणि साडूभाऊंनी तोंड उघडलं. देवा रे! गिटार एकीकडे, गळा दुसरीकडे. तीन तास हेच. साडूभाऊंना घाम फुटला. त्यांच्या गळ्याला तो सूर सापडतच नव्हता, आणि त्यांना वाटत होतं, आता म्हातारपण आलं, गळा गेला. सर काठ्या मांडीवर ठेवून खाली मान घालून बसले. तेव्हा शेठ, जे बँडमध्ये आजवर एक शब्द बोलले नव्हते, ते बोलले. म्हणाले, "हाऊ आपला सूर नही."

मुलानं विचारलं, मग तुमचा सूर कुठला? साडूभाऊ उठले. त्या गादीच्या भिंतींच्या खोलीत मधोमध उभे राहिले, डोळे मिटले, मान वर केली आणि "भोंऽऽऽ" केलं. शेठांनी लगेच बासची खुंटी पिळली. साडूभाऊंनी आपली. मुलगा यंत्राकडे बघत राहिला. त्या यंत्रावर ह्या सुराला नावच नव्हतं, दोन नावांच्या मध्येच कुठंतरी काटा उभा होता. तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काका, ह्या लोकांचं एकमेकांशी अगदी बरोबर जुळतं. फक्त जगाशी जुळत नाही." मी म्हटलं, बाबा, आमच्याकडे तेवढं पुरतं, तू कर सुरू. त्या दिवसात आठही गाणी झाली. मी मात्र बाहेर बाकावर बसून होतो. आत जाऊन ऐकायचं मला धाडस झालं नाही. खोटं कशाला सांगू, आवडलं नाही तर तोंडावर काय बोलायचं ही भीती होती.

ही भीती मला पुढे पाच महिने पुरली. साडूभाऊंनी पेन ड्राइव्ह दिला होता आणि आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात मी त्यावर लिहावं असं सुचवलं होतं. "खरं लिखा बरं, मास्तर. मन राखाले नका लिखू," असंही वर बजावलं होतं. तो पेन ड्राइव्ह मी देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आणि साडूभाऊ भेटले की विचारायच्या आत ताईंच्या गुडघ्यांचा विषय काढायचो. इकडे गणपतीत अल्बम इंटरनेटवर चढला. त्याच्या स्वागताच्या बातम्या साडूभाऊ मला रोज फोनवर द्यायचे. शेठांनी दुकानात लावला, तर घासाघीस करणाऱ्या बायका पहिल्याच भावात कापड घेऊन निघून जाऊ लागल्या, म्हणून शेठ फार समाधानी होते. मोलगीच्या एका जीपवाल्यानं तो कायमचा लावून टाकला, कारण घाटात इंजिनाच्या वर ऐकू येईल असं दुसरं काही त्याच्याकडे नव्हतं. पुण्याच्या कुणा अनोळखी जाणकारानं खाली लिहिलं, की संपूर्ण अल्बम सुरापेक्षा किंचित उतरलेला आहे. मला वाटलं, साडूभाऊ खचले. तर त्यांनी रिक्षा करून माझ्या घरी पेढे आणले. "मास्तर, त्यानी आख्खा ऐका ना! नही तं 'संपूर्ण' कसं लिखतीन?"

अंगणातला कार्यक्रम नोव्हेंबरात ठरला. वेळ साडूभाऊंनीच ठरवली, फार विचार करून. दोनपर्यंत लोक जेवून लवंडतात, पाचला बायका भाजीला निघतात, म्हणून सव्वातीन. कडुनिंबाखाली सतरंज्या, दोन उंच स्पीकर, पिण्याच्या पाण्याचा जार. लोक आले बरं का! निवृत्त झालेले फिटर आप्पा पुढे येऊन बसले, त्यांच्यामागे कॉलनीतल्या बाया, पेन्शनर, शेतकरी, शेठांच्या दुकानातली माणसं. चिपाडचे तिघं एका बाकावर, वधूपक्षाची माणसं बसतात तसे हात गुडघ्यावर ठेवून. ताई ओट्यावर, पायरीशी, स्वयंपाकघराच्या दारात पाय सोडून. मी पंच म्हणून खुर्चीवर.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मी मनातल्या मनात कुलदैवताची माफी मागितली. कारण ते चांगलं होतं. अहो, खरंच चांगलं होतं! ऊसतोडीच्या गाड्यांची वजनकाट्यापुढे लागलेली रांग, तिच्यावर गाणं होतं, आणि सरांच्या ड्रममध्ये ते बैलांचे पाय, ते थांबणं, ती चुळबुळ सगळं होतं. गिटार तशीच खरखरीत होती, पण पहिल्यांदाच मला कळलं की ती खरखर कशाची आहे. ती मिलची आहे. रोलर फिरतात, ऊस चिरडतो, त्याची. मी एवढी वर्षं फाटका आवाज म्हणून हसलो, तो ह्या माणसानं रोज आठ तास ऐकलेला आवाज होता. मला इतकं हायसं वाटलं, की मी खुर्चीवरून उठून शेठांना टाळी देणार होतो. खोटं लिहावं लागणार नव्हतं. लोक हसत होते मधेमधे, दोन म्हातारे पेंगले, पण पेंगलेला माणूस बसलेलाच धरायचा, असं मी पंच म्हणून ठरवून टाकलं. पावणेचारला चारच्या पाळीचे पाच-सहा जण ड्युटीवर गेले, तेही मी माफ केले.

सातवं गाणं संपत आलं तेव्हा माझं लक्ष सहज मनगटावरच्या घड्याळाकडे गेलं. चारला दोन मिनिटं कमी होती. त्याच दिवशी सकाळी गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकून कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता. बॉयलर तापलेला होता. म्हणजे चारला भोंगा होणार, सात महिन्यांनंतरचा पहिला. सगळं अंगण उठणार. ह्या कॉलनीत चारच्या भोंग्याला बसून राहिलेला माणूस कुणी पाहिला आहे? मी साडूभाऊंकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. तेहतीस वर्षं ज्या भोंग्यावर सूर लावला, त्याचीच वेळ हा गृहस्थ विसरला होता! सगळा उन्हाळा तो डोक्यात वाजवून वाजवून, खरा भोंगा वेगळा असतो आणि तो घड्याळाप्रमाणे वाजतो, हे त्यांच्या ध्यानातून गेलं होतं.

आठवं गाणं सुरू झालं. हे हळू होतं. ड्रम जवळजवळ नाहीच, सुरुवातीला फक्त शेठांचा अंगठा आणि साडूभाऊंचा गळा. शब्दही एवढेच, पुन्हा पुन्हा:

"चार वाजनात, च्या ठेव,
मी येई ऱ्हायनू, मी येई ऱ्हायनू."

आता मला सांगा, भोंग्यावर गाणं लिहिणाऱ्या माणसानं भोंगा विसरावा, ह्याला काय म्हणायचं? पण हसायला उसंत नव्हती. दुसऱ्यांदा "मी येई ऱ्हायनू" झालं, गिटारीनं एक लांब सूर धरला, आणि कारखान्याचा भोंगा झाला.

फिटर आप्पा उठले. सवयीनंच, गुडघ्यावर हात टेकून. मागच्या बाया पदर सावरत उठू लागल्या. पेंगलेला एक म्हातारा झोपेतच उभा राहिला. ओट्यावर ताईंनी दाराच्या चौकटीचा आधार घेतला आणि त्या अर्ध्या उठल्या. साडूभाऊंनी डोळे मिटून घेतले. मीही घेणार होतो. आणि तेवढ्यात कानाला काहीतरी वेगळं लागलं. भोंगा वाजत होता आणि गाणंही वाजत होतं, पण दोन आवाज नव्हते. स्पीकरमधला तो लांब सूर आणि चिमणीपाशी वाफेतून निघणारा तो सूर, एकच होता. कारखाना गाण्याच्या आत आला होता, की गाणं कारखान्यात गेलं होतं, मला सांगता येणार नाही. आप्पा अर्धे वाकलेले तसेच थांबले. बाया थांबल्या. ताई चौकट धरून तशाच उभ्या. त्यांची मान एका बाजूला झुकलेली, ओठ किंचित उघडे. त्या आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं गाणं ऐकत होत्या, आणि त्यांना कळलं होतं की हे आपण तेहतीस वर्षं रोज चारला ऐकत आलो आहोत.

भोंगा थांबला. गिटार थांबली नाही. ताई हळूहळू खाली बसल्या. मग त्यांनी अंगणात नजर फिरवली आणि फिटर आप्पांना, मोठ्या दिराला बोलावं तसं, पदर डोक्यावर घेऊन पण करड्या आवाजात म्हणाल्या, "बठा ना आप्पा! गानं आजून सरनं नही." आप्पा बसले. त्यांच्यामागे सगळं अंगण बसलं. "मी येई ऱ्हायनू," असं अगदी हळू म्हणत म्हणत गाणं संपलं, आणि कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण आमच्याकडे असल्या गाण्याला टाळ्या वाजवतात की नाही हे कुणाला माहीत नव्हतं. मी उठलो आणि पंच म्हणून निकाल सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ताई आत जाता जाता म्हणाल्या, "च्या आज उशीरा व्हई." एवढंच. पुण्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मी घरी येऊन तीन तास गाढ झोपलो.

आता तेही सगळं मागे पडलं. साप्ताहिकात मी लिहिलं, खरं लिहिलं, संपादकानं निम्मं कापलं. शनिवारी सर अजून डोंगर उतरतात, पण ड्रम चढवायला त्यांना आता दुसरा हात लागतो. शेठांचा अंगठा थंडीत आखडतो. कारखान्यात विजेचा भोंगा बसवायचं चाललं आहे असं कानावर येतं. चिपाड अजून जळत आहे, पण कितीसं उरलं आहे ते आम्ही कुणी मोजत नाही.

ह्या उन्हाळ्यात हंगाम संपल्यावर साडूभाऊ आणि ताई महिनाभर नातवाकडे पुण्याला गेले. बायको गेल्यापासून ह्या दोघांचीच मला सोबत, त्यामुळे मी इथं एकटा पडलो. दुपारी घर सुनं वाटायचं, आणि ते का वाटतं हे मला काही दिवस कळलंच नाही. मग एके दिवशी ताईंचा फोन आला, माझ्या तब्येतीची चौकशी करायला. मागे काहीतरी वाजत होतं. मी कान दिला. मोबाइलवर लावलेलं, बारीक, पण तो लांब सूर मी ओळखला.

"ताई, हे काय लावलंय?" मी विचारलं.

"आठे भोंगा नही ना, भाऊ," ताई म्हणाल्या. "मंग मले कशी समजी, च्या कव्हय ठेवानी?"

मी भिंतीकडे पाहिलं. चार वाजले होते. फोन खाली ठेवला, देव्हाऱ्याच्या खणातून तो पेन ड्राइव्ह काढला, आणि आठवं गाणं लावून आधण ठेवायला आत गेलो.